बंधारा कुणाच्या वावरात, पाणी कुणाच्या नावावर?

वेणाकाठ, नागपूर (धागाकर्ता)

हिंगणा तालुक्यात पाणलोट (जिथलं पावसाचं पाणी एकाच नाल्याला मिळतं तो भाग) विकासाची कामं चाललेल्या काही गावांत मी आणि माझे सहकारी नकाशे तयार करायला मदत करतो. त्या कामात जे दिसलं ते इथे मांडतो आहे. विदर्भातल्या जमिनीच्या कागदांचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे, म्हणून नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडच्या लोकांनी आवर्जून लिहावं ही विनंती. गावांची नावं देत नाही, कारण काही प्रकरणं अजून मिटलेली नाहीत.

एका गावात सिमेंट नाला बांध मंजूर झाला. जागा अगदी योग्य होती. नाला अरुंद, दोन्ही काठ उंच, खाली कठीण खडक. मशीन आलं आणि डाव्या काठाच्या शेतकऱ्याने काम थांबवलं. संमतीपत्रावर सही होती त्याच्या मोठ्या भावाची. सातबारा मात्र अजून वडिलांच्याच नावावर, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. वारस पाच. दोघे बुटीबोरीला कंपनीत, एक बहीण पांढुर्ण्याला दिलेली, उरलेले दोघे शेती करतात. समोरच्या काठाचा शेतकरी म्हणाला, नाल्याने पात्र बदललंय, हा डावा काठ मुळात माझ्याच गटातला, म्हणजे माझ्या नंबरच्या जमिनीतला आहे. वाद मिटेपर्यंत मार्च उलटला आणि निधी परत गेला. बांध झाला नाही, आणि त्या दोन घरांचं येणं-जाणंही बंद झालं.

यात अभियंत्याचं काही चुकलं नव्हतं, शेतकरीही आडमुठे नव्हते. कागदावरची जमीन, प्रत्यक्षातली जमीन आणि पाण्याची वाट या तीन गोष्टी कुणी एकत्र ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

पाणलोटाची हद्द पाणी ठरवतं, गावाची हद्द महसूल खातं. एक छोटा पाणलोट दोन-तीन गावांच्या शिवारांत सहज पसरलेला असतो. कामाचं सूत्र आपण 'माथा ते पायथा' असं म्हणतो. आता आमच्या भागातल्या पाणलोटात माथ्यावरून खाली चालत या. वर झुडपी जंगल, गायरान किंवा वनखात्याची जमीन. त्याखाली बरड, मुरमाड वावरं. ती बहुतेक लहान शेतकऱ्यांची, काही भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), आणि काही ठिकाणी वहिवाट आहे पण कागद नाही. पायथ्याशी काळी जमीन, विहिरी, संत्रा, कपाशी. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खणायचे वर, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची वरच्यांनी, आणि विहिरीची पातळी वाढणार खाली. खालच्यांचे सातबारे बहुतेक स्वच्छ असतात, म्हणून ठिबकचं अनुदान, पीककर्ज, शेततळं हेही त्यांनाच आधी मिळतं. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नाही, पण दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले की तो स्पष्ट दिसतो. न ठेवले तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आता आम्ही आराखडा आखण्याआधी एवढं करतो. गावाचा गट नकाशा घेतो, त्यावर नाले आणि उताराच्या रेषा चढवतो, मग गावकऱ्यांसोबत शिवारफेरी करतो. सोबत एक वही असते. तीत प्रत्येक गटापुढे कागदावर नाव कुणाचं, कसतं कोण, कशाच्या आधाराने, आणि त्या गटात काम झालं तर पाणी कुणाला, हे लिहितो. मग भिंतीएवढा नकाशा छापून ग्रामसभेत टांगतो आणि वही मोठ्याने वाचतो. पहिल्या वाचनाला भांडणं होतात. ती मशीन यायच्या आधी होतात, हे महत्त्वाचं.

हे नवं नाही. १९९० च्या दशकात नाबार्डच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात 'नेट प्लॅनिंग' नावाने गटवार नियोजन होत असे आणि शेतकरी नवरा-बायकोला सोबत घेऊन त्यांच्याच वावरात उभं राहून ते केलं जाई. नंतरच्या मोठ्या योजनांत वेगाच्या नादात ही पायरी फॉर्मवर उरली. ती परत आणायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

टिपण_आणि_टाक

भूमी अभिलेखात नोकरी करून निवृत्त झालो. धागा चांगला काढलात. नकाशाबद्दल काही गोष्टी सांगतो, कारण तरुण मुलं मोबाईलवर गट नकाशा उघडून हद्दीवर बोट ठेवतात तेव्हा मला काळजी वाटते.

आपल्या विदर्भातले जुने गावनकाशे १६ इंचाला १ मैल या मापाचे, म्हणजे साधारण १:३९६०. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ २ मीटर भरते. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीत एक धुरा (दोन शेतांमधली हद्द) मावतो. शिवाय मूळ कागद वर्षानुवर्षं घडीत राहून आकसलेला, मग त्याचं स्कॅन, मग त्याचं डिजिटायझेशन. ऑनलाइन दिसणारा नकाशा दिशा कळायला उत्तम आहे. हद्द ठरवायला तो वापरू नका. मोबाईलचा जीपीएससुद्धा उघड्या आभाळाखाली ३ ते ५ मीटर इकडे-तिकडे दाखवतो. नियोजनाला तो चालतो, धुऱ्याच्या वादाला चालत नाही.

हद्दीसाठी मोजणीच लागते. आता रोव्हर या उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या यंत्राने होते, अचूकता सेंटिमीटरमध्ये येते आणि वेळही पूर्वीपेक्षा कमी लागतो. मोजणी झाली की मोजणी नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा. बंधाऱ्याच्या जागेसाठी दोन्ही काठांच्या लगतच्या गटांची मोजणी एकाच वेळी लावून घ्या. एकाच बाजूची लावली की दुसरी बाजू हरकत घेते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नाल्याचं पात्र कुणाचं? जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. नदी-नाल्यांची पात्रं सरकारची, जोवर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नाही तोवर. त्यामुळे पात्रासाठी शेतकऱ्याची संमती लागत नाही. लागते ती काठात घुसणाऱ्या भिंतीसाठी, बुडीत येणाऱ्या पट्ट्यासाठी आणि मशीन न्यायच्या वाटेसाठी. संमतीपत्रात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. 'बांधास हरकत नाही' एवढं मोघम लिहून घेतलं की पाणी तुंबल्यावर तोच माणूस म्हणतो, बुडिताचं कुठे सांगितलं होतं?

आणि नाला हलतो. जमीन बंदोबस्ताच्या, म्हणजे जुन्या मोजणी-आकारणीच्या काळातला नाला आज २० मीटर सरकलेला असू शकतो. तुमच्या समोरच्या काठाच्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं असेलच असं नाही.

वेणाकाठ

काका, बुडिताचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्या संमतीच्या नमुन्यात तो असा वेगळा नव्हता. आजच घालतो.

संत्राबाग_काटोल

आमच्याकडचं दुखणं जमिनीच्या वर कमी आणि खाली जास्त आहे. संत्र्याला बारमाही ओल लागते, विहिरी आटल्या की बोअर, तो आटला की शेजारी अजून खोल बोअर. मी माझ्या पैशाने नाल्यात माती अडवली, दोन वर्षं विहीर चांगली राहिली. नंतर खालच्या बाजूला एकाने बोअर मारला आणि माझ्या विहिरीचा तळ दिसला. त्याचा सातबारा स्वच्छ, जमीन त्याची, बोअर त्याचा. मी कुणाकडे जायचं?

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. त्यात शेतीसाठी ६० मीटरहून खोल विंधन विहिरीला मनाई आहे आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची तरतूद आहे. पण गावात विचारा, किती जणांना ठाऊक आहे.

तुम्ही त्या नकाशावर विहिरी आणि बोअर टाकता का? टाकत नसाल तर टाका. खोली, कधी मारला, उन्हाळ्यात किती तास चालतो, एवढं तरी. गटाच्या रेघा माझ्या कामाच्या नाहीत, शेजाऱ्याचा बोअर किती खोल आहे ते माझ्या कामाचं आहे.

वेणाकाठ

विहिरी टाकतो, बोअर टाकायला लोक तयार होत नाहीत. पण बचत गटाच्या बायकांनी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ठरावीक विहिरींची पातळी दोरीने मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली, तेव्हा बोअरवाले आपोआप बोलायला लागले. आकडा सगळ्यांसमोर असला की लपवण्यात अर्थ उरत नाही.

सामाईक विहिरींचंही लिहा म्हणतो मी. आपल्याकडे 'विहिरीत आठ आणे हिस्सा', 'चार आणे हिस्सा' अशी वाटणी असते. ती कधी सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंदवलेली असते, कधी फक्त तोंडी. बंधाऱ्यामुळे विहिरीला पाणी वाढलं की हिश्श्याला किंमत येते, आणि तोंडी वाटणीची आठवण मग प्रत्येकाची वेगळी निघते.

पांदण_रस्ता

भिवापूरकडची आहे. महिला बचत गटांसोबत काम करते.

भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमधली पांढुर्ण्याची बहीण एका ओळीत येऊन गेली. तिच्यावर थांबायला हवं होतं. आमच्याकडे नेहमी दिसणारी गोष्ट सांगते. पाणलोटाचं काम येणार अशी कुणकुण लागली की भाऊ बहिणींना राखीला नाहीतर दिवाळीला बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहिणीला सांगतात, नुसता कागद नीट करायचाय. तिला कुणी हे सांगत नाही की या वावरात विहीर येणार आहे, बरडीची ओलिताची होणार आहे, भाव वाढणार आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क आहे. सोडायचा तर तिने सोडावा, पण काय सोडते आहे ते कळून सोडावं. तुमच्या वहीचं वाचन ग्रामसभेत होतं, तिथे सासरी गेलेली बहीण नसते. तिला फोन लावून कळवणं हे समितीचं काम असलं पाहिजे, आणि कळवल्याची नोंद वहीत असली पाहिजे.

विधवांचं वेगळं. शेती ती करते, नाव मेलेल्या नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. योजनेची यादी सातबाऱ्यावरून निघते, म्हणजे तिच्या वावरात बांधबंदिस्ती झाली तरी लाभार्थी म्हणून दीर येतो. २०२५ ला 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, बुलढाण्यापासून सुरुवात होऊन पुढे राज्यभर, मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करून घेण्यासाठी. आमच्या काही बायांची नावं त्यात लागली. पटवारी गावात बसून अर्ज घेतो आहे म्हटल्यावर त्या गेल्या. एरवी तालुक्याच्या चकरा त्यांना परवडत नाहीत, एक दिवस गेला की एक रोजी बुडते.

नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव लावण्यासाठी १९९२ ची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्याआधी शेतकरी संघटनेने याच नावाने गावोगाव मोहीम केली होती. खर्च जवळजवळ नाही. तरी किती गावांत बायकांची नावं लागली ते ज्याने त्याने आपापल्या गावात पाहावं. माझं स्पष्ट मत आहे, ज्या कुटुंबाच्या गटात सरकारी पैशाने काम होणार, तिथे बाईचं नाव लावायचा अर्ज त्याच फाइलला जोडावा. वनहक्काच्या पट्ट्यात नवरा-बायकोचं नाव एकत्र लावायचं कायद्यातच आहे. तिथे जमतं, मग इथे का नाही जमणार?

बिनसातबारा

सगळ्यांचं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे.

आमच्या वस्तीचं घर आणि दोन एकर वावर गायरानात आहे. बापाच्या आधीपासून आहे. आमचं नाव कुठंच नाही. तुम्ही लोक नकाशा घेऊन येता, चांगलं बोलता, तुमच्या मनात वाईट नाही हे मले समजते. पण आमचा अनुभव असा आहे की नकाशा आला की पहिले आमच्या घरावर खूण होते. ड्रोन आला होता तेव्हा गावठाणातल्या लोकांले सनद मिळाली, आम्ही गावठाणाच्या बाहेर, आम्हाले काही नाही. त्यानंतर अतिक्रमणाची नोटीस आली.

चर खोदले तेव्हा मजुरी आम्हीच केली. चर आमच्याच वावरातून गेले, आम्ही नाही म्हटलं नाही. बकऱ्या चारायची जागा बंद झाली. पाणी खालच्या मालकाच्या विहिरीले. आता तुमच्या वहीत आमच्या नावापुढे काय लिहिता, 'अतिक्रमण'? तो शब्द एकदा कागदावर चढला की पुसल्या जात नाही.

वेणाकाठ

भाऊ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

आमच्या वहीत 'अतिक्रमण' हा रकाना नाही. 'कोण कसतं आणि कधीपासून' असा आहे. आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांची पानं त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय ग्रामपंचायतीलाही देत नाही, कुठल्या कार्यालयालाही नाही. ग्रामसभेतला मोठा नकाशा दोन प्रकारे छापतो. एकावर पाणी, उतार, नाले, विहिरी. दुसऱ्यावर गट. राहत्या वस्त्या दुसऱ्यावर दाखवायच्या की नाही हे वस्ती ठरवते. माहिती गोळा करणाऱ्याने ती कुणाच्या हाती पडेल याचा विचार आधी केला पाहिजे.

गायरानाचा कायदा कडक आहे हे खरं. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने तसा शासन निर्णय काढला. त्या निकालाचा हेतू धनदांडग्यांनी गिळलेली चराऊ जमीन आणि तलाव गावाला परत मिळवून देण्याचा होता. भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी निर्णयाने दिलेल्या जागांसाठी त्यात अपवाद ठेवला आहे. तुमच्या वस्तीत कुणाला जुना पट्टा किंवा वाटपाचा आदेश मिळाला असेल, एखादी दंडाची पावती असेल, तर तो एकेक कागद शोधून ठेवा. पटवाऱ्याने दिलेली जुनी पावतीसुद्धा तुमचा ताबा कधीपासूनचा आहे ते सांगते.

आता पाण्याबद्दल. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधला की भूमिहीन कायम बाहेर राहणार. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा नियमच असा केला की पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं, आणि वाटा भूमिहीनालाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. मला हा नियम आजच्या कुठल्याही पाणलोट योजनेपेक्षा न्यायाचा वाटतो. आम्ही एका गावात त्याच्याजवळ जाणारं काहीतरी ठरवलं आहे. बंधाऱ्याच्या पाण्यात मासे सोडायचा आणि बुडिताच्या कडेचं गवत कापायचा हक्क वरच्या वस्तीचा, आणि तसा ग्रामसभेचा ठराव काम सुरू होण्याआधी. ठराव झाला आहे. तो टिकतो का ते पुढच्या पावसाळ्यानंतर कळेल.

बिनसातबारा

ठराव लिहून घेतला ते बरं केलं. आमच्या गावात तसं बोलून पाहतो. पण आधी वही दाखवा, मग नकाशा.

टिपण_आणि_टाक

बिनसातबारा भाऊंच्या प्रश्नावरून आठवलं. आपल्या भागात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन दस्तऐवज आहेत. तरुण कार्यकर्त्यांना ते माहीत नसतात.

मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारीसारखी महसूल पद्धत, १९५०-५१ ला गेली. त्याआधी गावाच्या चराईचे, जळाऊ लाकडाचे, मुरमाचे, पाण्याचे हक्क मालगुजाराच्या काळातल्या कागदांत नोंदलेले होते. महसूल संहितेने ते कलम १६१ ते १६७ मध्ये पुढे चालू ठेवले. निस्तार पत्रकात गावाच्या सरकारी जमिनीवर गुरं कुठे चारायची, लाकूड-गवत कुठून आणायचं, ते. वाजिब-उल-अर्जात, म्हणजे कलम १६५ मध्ये, खाजगी जमिनीतल्या आणि पाण्यातल्या रूढी: ओलिताचा हक्क, जाण्या-येण्याचा हक्क, मासेमारीचा हक्क. कुणाच्या वावरातून कुणाचं पाणी जायचं हे गावाने एकेकाळी असं लिहून ठेवलं होतं.

तहसीलाच्या अभिलेखागारातून नक्कल मिळते. अर्ज करा, मौजा आणि जुना खसरा नंबर द्या. जुने खसरा नंबर आणि आजचे गट नंबर वेगळे असतात, त्यामुळे दोहोंचा मेळ घालणारा तक्ताही मागा. तुमच्या भिंतीवरच्या नकाशात तिसरा थर या कागदांचा चढवा. मोडी किंवा जुनी देवनागरी वाचणारा कुणी वयस्क माणूस सोबत घ्या.

मामा_तलाव

कुहीहून. वरच्या प्रतिसादाला जोडून.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव सात हजारांच्या आसपास आहेत, नागपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली, पाळ (मातीचा बांध), तुडुंब (पाणी सोडायची मोरी) आणि पाट असलेली ही व्यवस्था कित्येक पिढ्या धानाला पाणी देत आली. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी होती. पाणलोट हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी हे लोक पाणलोटातच विचार करत होते.

मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले, बहुतेकांची देखभाल आज जिल्हा परिषदेकडे आहे. पण तलावाची हद्द कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी. पाणी उतरलं की काठाच्या गाळपेऱ्याची जमीन कुणीतरी नांगरतो, पुढच्या वर्षी धुरा पुढे सरकतो, काही वर्षांत तलावाचा एक कोपरा शेत झालेला असतो. तो शेतकरी मग पाळ उंच करायला विरोध करतो, कारण त्याचं वावर बुडतं. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था तलाव ठेक्याने घेतात आणि पैसे मोजतात पूर्ण क्षेत्राचे.

म्हणून तलावांच्या भागात सगळ्यात पहिली मोजणी तलावाची व्हायला हवी. शेतांची नंतर. पूर्ण भरल्यावरची पाणीरेषा, पाळ, सांडवा, आणि वरच्या तलावातून येणारा पाट. हे दगड रोवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी लागलं की गाळ काढण्यापासून मासेमारीपर्यंत सगळं सुरळीत होतं. गाळमुक्त धरण योजनेत गाळ नेताना कुठवर खोदायचं हा वाद आमच्याकडे दरवेळी होतो, तोही हद्दच ठाऊक नसल्यामुळे.

कायदा_वाचणारा

माथ्यावरच्या झुडपी जंगलाचा उल्लेख पहिल्याच पोस्टमध्ये आला, त्यावर लिहितो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरच्या वर झुडपी जंगल आहे. महसुली कागदात ती चराऊ, झुडपाळ जमीन. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचं ठरवलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागा नियमित करण्यासाठी राज्याने केंद्राकडे जायचं, असा मार्ग त्यात आहे.

पाणलोट समितीसाठी याचा अर्थ असा. झुडपी जंगलात चर किंवा दगडी बांध घालायचे तर वनखात्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ग्रामपंचायतीच्या ठरावावर मशीन नेलं तर काम बेकायदा ठरू शकतं. त्यासाठी माथ्यावरचा प्रत्येक तुकडा कागदावर काय आहे, झुडपी, गायरान, राखीव की संरक्षित वन, हे नकाशावर वेगवेगळ्या रंगात आधीच आलं पाहिजे.

दुसरी बाजू माझ्या मते आशेची आहे. वनहक्क कायदा २००६ ला अनुसूचित क्षेत्राची अट नाही, तो नागपूर जिल्ह्यातही लागू आहे. त्यातली वनजमिनीची व्याख्या रुंद आहे. कलम ३(१)(झ) खाली ग्रामसभेला आपल्या पारंपरिक वनाचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करायचा सामूहिक हक्क मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. माथा ग्रामसभेच्या हाती असेल तर चराईबंदी कुणी लादत नाही, गाव आपलं आपण ठरवतं, आळीपाळीने. गोंड वस्त्या असलेल्या रामटेक-देवलापार भागात याचा विचार व्हायलाच हवा. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, ते अवघड जातं. काकांनी सांगितलेलं निस्तार पत्रक तिथेही पुरावा म्हणून चालतं. उपग्रह चित्र पुरावा म्हणून जोडता येतं, पण ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असं नियमच सांगतो. चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला जात असेल तर हा नियम दाखवा.

नकाशा_घर

तांत्रिक बाजूचं थोडक्यात, कारण बाकी सगळं आलंच आहे. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. उतारासाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम किंवा एसआरटीएम हा जमिनीच्या उंचीचा डेटा घ्या, दोन्ही ३० मीटरचे. त्यातून मोठे नाले आणि पाणी वाटणारी रेषा बरी निघते, लहान ओघळी निघत नाहीत. त्या शिवारफेरीतच काढायच्या. गट नकाशा जमिनीवर बसवताना तिवाटे, जुने दगड, मंदिर, विहीर अशा न हलणाऱ्या खुणा धरा, नाल्याचं वळण कधीही धरू नका. कारण वर काकांनी सांगितलंच आहे.

आपण नागपूरकर नशीबवान आहोत. सुदूर संवेदनाचं राज्याचं केंद्र आपल्याकडे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र आपल्याकडे, अमरावती रोडला राष्ट्रीय मृद सर्वेक्षण ब्यूरो. मातीच्या खोलीचा नकाशा मिळवा. चर कुठे मुरतील आणि कुठे नुसते भरून वाहतील हे त्यावरून कळतं.

संत्राबाग_काटोल

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या आणि चुलतभावाच्या वावरांची ताब्यात अदलाबदल आजोबांच्या काळापासून आहे. सातबारा त्याचा, कसतो मी, आणि उलट. आता शेततळं माझ्या ताब्यातल्या जमिनीत घ्यायचं आहे. काय करावं?

टिपण_आणि_टाक

सलोखा योजना पाहा. जानेवारी २०२३ चा शासन निर्णय, पुढे मुदत वाढवली होती. अशाच अदलाबदलीसाठी आहे. ताबा किमान १२ वर्षांचा हवा आणि दोघांची राजीखुशी हवी. मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १०००, एवढंच. आधी पटवाऱ्याकडून ताब्याचा पंचनामा करून घ्या, त्यावर लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या लागतात. योजना आज चालू आहे का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून मगच दस्त करा. दोन्ही सातबाऱ्यांवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेशी आधी बोला. आणि भिवापूरच्या ताईंनी सांगितलेलं विसरू नका. तुमच्या आणि चुलतभावाच्या बहिणींना कळवून मगच दस्त करा.

संत्राबाग_काटोल

कळवतो. एक आत्या पण आहे, मोर्शीला. तिलाही विचारतो.

पांदण_रस्ता

बरं वाटलं वाचून, दादा. वेणाकाठ भाऊ, तुमच्या वहीचा कोरा नमुना इथे टाकाल का? आमच्या गटाच्या बायांना दाखवायचा आहे. त्यात 'सासरी गेलेल्या बहिणी, आत्या' असा रकाना मी आमच्या प्रतीत वाढवणार आहे.

वेणाकाठ

आज संध्याकाळी टाकतो, ताई. तुमचा रकाना, काकांचे संमतीचे तीन भाग आणि बोअरची खोली हे सगळं घालूनच टाकतो. बिनसातबारा भाऊंनी म्हटल्याप्रमाणे पहिल्या पानावर ही वही कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही, ते वस्तीच्या सहीने लिहायची जागा ठेवतो आहे. कुणाला अजून काही सुचत असेल तर संध्याकाळपर्यंत लिहा.